सीतादहीचं झाड आणि एकतीस नावं

दरवर्षी कापूस फुटला की माझ्या वर्गात लूप येतो. हे कोणी ठरवून केलेलं नाही. जूनमध्ये कॉलेज उघडतं, कॉम्प्युटर म्हणजे काय इथपासून सुरुवात होते, व्हेरिएबल होतात, इफ-एल्स होतं, मग गणपती, दसरा, चाचणी परीक्षा, दिवाळी. आणि सुटी संपवून पोरं फराळाचे डबे घेऊन परत येतात तेव्हा फळ्यावर लिहायला नेमका लूप उरलेला असतो. त्याच आठवड्यात यवतमाळच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्या दिसायला लागतात. ताडपत्रीतून सुटलेला एखादा पांढरा पुंजका उडत येतो, माझ्या स्कुटीच्या आरशाला चिकटतो, आणि मला एकदम घाई सुटते. कधी एकदा वर्गात पोचते आणि ती एक ओळ फळ्यावर लिहिते असं होऊन जातं. शिकवायला लागून पंधरा वर्षं झाली, पण या एका तासाची घाई काही कमी झाली नाही.

स्टाफरूममध्ये माझी यावरून टिंगल होते. लूप म्हणजे असं काय मोठं, एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावायचं, अर्ध्या तासाचा विषय, असं सगळे म्हणतात. मी कोणाशी वाद घालत नाही. खरं सांगायचं तर घालते, दरवर्षी घालते, आणि चहा गार करून घेते. ज्यांनी एकच ओळ एकतीस वेळा हातानं लिहिलेली नाही त्यांना लूप कळलेला नाही, असं माझं ठाम मत आहे. मी लिहिली आहे.

ती गोष्ट दारव्ह्याची, माझ्या शिकण्याच्या वर्षांतली, अशाच एका कापसाच्या हंगामातली. बसस्टँडच्या मागे एका कृषी केंद्राच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास होता. खाली बियाणं, खतं, फवारणीची औषधं. वर आठ कॉम्प्युटर. जिन्याखाली चपला काढायच्या आणि औषधाच्या वासातून वर चढायचं. आजही कुठे तो उग्र वास आला की लोक नाक दाबतात आणि माझी बोटं कीबोर्ड शोधतात. सरांनी प्रत्येक कॉम्प्युटरला फुलाफुलांच्या कापडाचा झगा शिवून घेतला होता. तो घडी करून बाजूला ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियम. वीज भारनियमनाच्या वेळापत्रकानं यायची-जायची, म्हणून आमच्या तासाचं वेळापत्रक आम्ही नाही, तीच ठरवायची. पडदा उजळला की मनात हिशेब सुरू व्हायचा. आता दीड तास. त्यात जे होईल ते आपलं.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा बोरी अरबच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख पालथा घातला आणि आम्ही त्यांचे वंशज चार एकर पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, अडकून बसलो, असं बापू, माझे वडील, गमतीनं म्हणत. हंगामात ते जिनिंगवर कामाला असत. शेताची वेचणी याडीवर आणि माझ्यावर. याडी म्हणजे आई. घरी ती गोरबोलीशिवाय बोलायची नाही, पण शाळा, दवाखाना, सरकार असल्या गोष्टींवर बोलायचं झालं की आपोआप वऱ्हाडीवर यायची. क्लासही तिनं त्याच खात्यात टाकला होता.

त्यामुळे क्लासचा करार वऱ्हाडीत झाला. पहिली वेचणी सुरू होईपर्यंत जायचं. मग वेचणीला एकेक हात महत्त्वाचा. मी हट्ट धरला तेव्हा ती म्हणाली, "तू ततं जाऊन काय करून राह्यली, ते मले दाखव. मले समजलं पायजे. मंग पाहू." झालं. ज्या बाईला अक्षर येत नाही, जिनं कॉम्प्युटर डोळ्यानं पाहिलेला नाही, तिला मी सी लँग्वेज शेतात समजावून द्यायची. नाही जमलं तर कमरेला ओटी बांधायची आणि कापूस वेचायचा. माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या एका 'मंग पाहू'मध्ये होता, आणि मला ते तेव्हाही चांगलं कळत होतं.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात पहिल्या पानावर असायचं, आणि कशासाठी असायचं ते सगळ्यांना माहीत आहे. तांड्यावर गाड्या यायच्या, गाडीतून माणसं उतरायची, त्यांच्या हातात याद्या असायच्या. कुणाच्या घरी काय झालं, किती शेत, किती माणसं. यादी दिसली की बाया पदर सारखा करून गप्प उभ्या राहायच्या. यादीत नाव असणं ही काही चांगली गोष्ट नव्हती.

आणि इकडे माडीवर सर फळ्यावर लिहीत होते, यादी. नावांची यादी कॉम्प्युटरमध्ये कशी ठेवायची आणि एकाखाली एक कशी छापायची, हा त्या दिवसाचा धडा होता. सर दारव्ह्याच्याच एका नोकरदार घरातले, वडील कचेरीत हेडक्लार्क होते, आणि सरांना स्वच्छ फळा आणि सरळ ओळी यांचं वेड होतं. प्रत्येकानं आपल्या ओळखीची नावं घ्या, म्हणाले. बाजूच्या पोरांनी क्रिकेटचे खेळाडू घेतले. मला खेळाडूंची नावं येत नव्हती. मी आमच्या शेतात फिरून फिरून वेचायला येणाऱ्या बायांची नावं घेतली. काही तांड्यावरच्या, काही शेजारच्या गावातल्या, मिळून एकतीस. पहिलं नाव टाकलं याडीचं, चांदीबाई. मग लच्छीबाई, मथुराबाई, रुखमाबाई, अशी सगळी.

त्यानंतर मी एकेक नाव छापायची ओळ लिहायला घेतली. एकतीस नावं, एकतीस ओळी. कीबोर्डवर अक्षर शोधायलाच मला वेळ लागायचा, त्यात सारवलेलं अंगण आणि पऱ्हाटीची टोकं यांनी बोटं खरखरीत झालेली. विसाव्या ओळीपर्यंत पोचले आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी एकतीस पुऱ्या केल्या आणि अभिमानानं सरांना बोलावलं. सरांनी वाकून पाहिलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी माझ्या एकतीस ओळी पुसल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी तिथे दोन ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं.

सगळी नावं सरसर खाली उतरली.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. अजूनही वर्गात कोणाचा तरी पहिला लूप चालतो आणि ते पोरगं खुर्चीतून उठतं. मला लगेच ओळखू येतं की याला कळलं. दोन ओळी! यादी एकतीसची असो की एकतीस हजारांची, दोनच. तू एका नावापाशी उभा राहा, जे करायचं ते कर, पुढच्या नावापाशी जा, शेवटपर्यंत जा. एवढंच सांगायचं. मला वाटलं हे तर मला आधीपासून येतं. दिवाळीनंतर मी दुसरं काय करते? पऱ्हाटीच्या झाडापाशी उभी राहते, फुटलेली बोंडं वेचते, पुढच्या झाडापाशी जाते. त्या दिवशी जिन्यावरून मी उड्या मारत उतरले आणि दुसऱ्याच कोणाची तरी चप्पल घालून बसमध्ये बसले.

पण त्याआधी सरांनी त्या दोन ओळीही पुसल्या होत्या. आता तू लिही, म्हणाले. आणि जाता जाता सांगितलं की यादीतली मोजणी एकपासून नाही, शून्यापासून असते. पहिली जागा शून्य नंबरची. का, ते नंतर सांगतो. ते नंतर काही त्या दिवशी आलं नाही.

मधल्या रविवारी आमच्या शेतात सीतादही झाली. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात जाऊन दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती रीत. ही रीत मूळची आमची की शेजारच्या गावावरून आलेली, हे कोणी सांगत नाही, सगळेच करतात. बांधाजवळच्या पहिल्या झाडाला हळदकुंकू वाहायचं, त्याच्याच कापसाचा धागा काढून त्याच्याभोवती गुंडाळायचा, बुंध्याशी दहीभात ठेवायचा. आमच्या घरी आणखी एक होतं. त्या झाडाला वेचणीत हात लावायचा नाही. दुसऱ्या झाडापासून वेचायला सुरुवात. त्याचा कापूस अगदी शेवटी याडी एकटी जाऊन वेचायची आणि वर्षभराच्या वाती करायची.

सोमवारी मी माडीवर गेले ती हे सगळं डोक्यात घेऊनच. शून्य नंबरची जागा! माझ्या डोक्यात उजेड पडला तो असा. सुरुवातीची एक जागा बाजूला ठेवलेली असते, तिला नंबरच शून्य दिलेला असतो, म्हणजे तिला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरवाल्यांचीही आपल्यासारखीच रीत दिसते, असं वाटून मला फार आपुलकी वाटली. मी मोठ्या श्रद्धेनं लूप एकपासून सुरू केला. नावं छापली जाऊ लागली, प्रिंटर करकर करत कागद बाहेर ओढू लागला, तेवढ्यात बसची वेळ झाली आणि विजेचीही. कागद फाडला, घडी केली, वहीत घातला आणि पळाले. मोजायला वेळ होता कुणाला?

दुसऱ्या दिवशी शेतात वेचणी होती आणि निकालही. दुपारी भाकरीच्या सुटीआधी याडीनं मान हलवली, म्हणजे आता दाखव. मी बांधावर उभी राहिले आणि कागद उघडला. कडेला भोकं असलेला तो लांब कागद पाहून बाया वेचता वेचता थांबल्या, आणि मला दिसलं की काहींनी पदर सारखा केला. मथुराबाईनं विचारलं, कशाची यादी आहे. मी म्हणाले, कशाचीच नाही, नुसती तुमची नावं आहेत, मी कॉम्प्युटरवर छापली.

"कोणाले द्याची हाय?"

"कोणालेच नाही."

हे कोणालाच पटेना. मग मी वाचायला लागले. लच्छीबाई. लच्छीबाई हातातला कापूस ओटीत टाकायचा विसरली. मथुराबाई. रुखमाबाई. एकेक नाव वाचलं की त्या त्या ओळीतून एकेक बाई सरळ उभी राहायची, दुसऱ्या तिच्याकडे पाहून हसायच्या, आणि पुढची आपल्या नावाची वाट पाहायची. कामाशिवाय, कागदपत्राशिवाय, कुणाला काही झाल्याशिवाय नाव छापलं जातं, हे त्यांना नवीन होतं. मलाही. माझा आवाज चढत चालला होता. शेवटचं नाव वाचलं आणि मी विजयानं याडीकडे पाहिलं.

"चांदीचं काहून नाही?" लच्छीबाई म्हणाली.

मी कागद वरपासून पुन्हा पाहिला. खालून पाहिला. उलटा करून पाहिला. चांदीबाई नव्हती. मी सांगू लागले की पहिलं नाव तिचंच टाकलं होतं, शपथ, सगळ्यात आधी टाकलं होतं. माझं सांगणं माझ्याच कानाला खोटं वाटत होतं. बाया खाली पाहून वेचायला लागल्या. याडी तिच्या ओळीत पुढे गेली, दोन्ही हातांनी भराभर वेचत. मला आधी त्या यंत्राचा राग आला, आणि यंत्रापेक्षा सरांचा, ज्यांनी नंतर सांगतो म्हणून नंतर सांगितलं नव्हतं. राग आला की मी आधी सगळ्यांना वाटून देते, स्वतःसाठी शेवटी ठेवते. तेव्हाही असंच होतं.

क्लास संपला, हे मी मनात धरूनच टाकलं. ओटी बांधली आणि माझी पात धरली. वेचताना एकेकीच्या वाट्याला येणाऱ्या ओळींना आमच्याकडे पात म्हणतात. डोळे पुसत वेचताना बोंडाची टोकं जास्तच लागतात.

भाकरी खायला बसल्यावर याडी माझ्याजवळ येऊन बसली. तिनं नाव का नाही, असं विचारलं नाही. ते मशीन कसं चालतं, असं विचारलं. मी कंटाळून सांगितलं. ते यादीतून चालतं, पातीतून चालावं तसं. एका झाडापाशी थांबतं, काम करतं, पुढच्या झाडापाशी जातं, शेवटच्या झाडापर्यंत. एवढं एकदाच सांगायचं, मग ते आपलं आपण जातं. याडीनं भाकरीचा घास हातातच ठेवला.

"अन् तू त्याले कोणत्या झाडापासून लावलं?"

मी सांगितलं की पहिल्या जागेला शून्य म्हणतात, आणि ती आपल्या सीतादहीच्या झाडासारखी बाजूला ठेवलेली असते, म्हणून ती सोडून पुढून लावलं.

याडी बांधाकडे पाहायला लागली. तिथे ते झाड होतं, धागा गुंडाळलेलं, त्या बाजूला तेवढंच पांढरंशुभ्र, कारण आसपासच्या झाडांची बोंडं आम्ही रिकामी केली होती.

"अवं, सोडलं म्हणून त्या झाडाले कापूस नसते काय?"

मी कागदाची घडी पुन्हा उघडली.

"आपल्याले माईत असते का थे झाड सोडलं हाय. तुह्या मशीनले कुठी माईत हाय? त्याले पयल्या झाडापासून लाव."

मी किंचाळले असेन, कारण झाडाखाली झोपलेलं कुणाचं तरी पोरगं उठून रडायला लागलं. शून्याच्या जागी याडी उभी होती! मीच तिला तिथे उभं केलं होतं आणि मीच तिला ओलांडून गेले होते. एक आकडा बदलायचा, बस. मला तेव्हाच्या तेव्हा दारव्ह्याला जायचं होतं, भर दुपारी, ओटी बांधलेल्या अवस्थेत. याडीला मात्र माझ्या नाचण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीत रस होता. म्हणजे मी सांगेन तसं ते ऐकतं का, तिनं विचारलं. ऐकतं, मी म्हणाले, चुकीचं सांगितलं तर चुकीचंही तेवढंच ऐकतं. तिनं तो हातातला घास खाल्ला, पाणी प्यायली आणि उठली.

"उद्या जाय तू. तुही पात म्या धरीन."

तो सगळा हंगाम तिनं दोन पाती धरल्या, उजव्या हाताला तिची, डाव्या हाताला माझी. मला नंतर बक्षिसं मिळाली, नोकरी मिळाली, त्याचं श्रेय मी पुष्कळ जणांना देत असते. पण ते वाक्य नसतं तर देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आकडा बदलला, प्रिंटर करकरला, आणि सगळ्यात वर चांदीबाई आली. सरांना मी चूक कोणी पकडली ते सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, तुझ्या आईला एकदा घेऊन ये. ती काही आली नाही. तो बरोबरचा कागद मी शेतात नेला तेव्हा बायांनी तो माझ्या हातात राहूच दिला नाही. माझं नाव कोणतं, माझं कोणतं, असं करत प्रत्येकीनं आपापली ओळ विचारून घेतली आणि लच्छीबाईनं कात्री आणून एकतीस पट्ट्या केल्या. कुणी ती पोथीत ठेवली, कुणी डब्यात. बरीच वर्षं मला वाटत होतं की याडीची पट्टीही तिच्या पेटीत असणार.

आता माझ्या वर्गात पोरं यादीत क्रिकेटचे खेळाडू टाकत नाहीत, मित्रांची नावं टाकतात. भाषा बदलली, यादीतून चालायला हल्ली आकडासुद्धा लागत नाही. तरी मी आधी आकड्यानंच शिकवते. दर वर्षी एक तरी पोरगं एकपासून सुरू करतं आणि पहिला मित्र गायब होतो. मग मी विचारते, पहिलं नाव कुठाय? आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहते. मला सगळ्या वर्षात सर्वांत आवडणारं मिनिट ते.

या दिवाळीला तांड्यावर गेले होते. याडी आता वेचत नाही, पण सीतादहीला बांधापर्यंत चालत जाते. मला वाटलं, यंदा पोरांना तिच्या नावाची ती पट्टी दाखवावी. मी मागितली. तिनं पेटी उघडली, बियाण्याची एक रिकामी पिशवी काढली आणि त्यातून घडी केलेला कागद दिला. पट्टीपेक्षा फारच मोठा होता. उघडला तर कडेला भोकं, शाई फिकी झालेली, आणि सगळ्यात वर लच्छीबाई. तो चुकीचा कागद होता, जो मी त्या दिवशी शेतातच टाकून दिला होता. तीस नावं, आणि त्यात ती कुठेच नाही.

मी म्हणाले, याडी, हा नाही, तुझ्या नावाची पट्टी कुठे आहे?

कॉम्प्युटरचा विषय निघाल्यामुळे ती वऱ्हाडीवर आली.

"थे गेली कुठीतरी," ती म्हणाली आणि माझ्या हातातून कागद घेऊन पुन्हा घडी घालायला लागली. "थो बरोबरवाला कागद सगळ्याइचा होता. हा माहा हाय. याच्यातली चूक म्या धरली होती."